हातोहात आलेली बुलेट

आमच्या भागात मोठी फटफटी नवी कोरी अशी क्वचितच आली. आली ती हातोहात. पहिल्यांदा कुणा डॉक्टरानं, ठेकेदारानं नाहीतर साखर कारखान्याच्या साहेबानं ती घेतली. सहा-सात वर्षं वापरून त्यांनी ती तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्याला दिली. व्यापाऱ्याकडून ती पेन्शन घेऊन आलेल्या फौजीकडं गेली आणि फौजीकडून कधीतरी आमच्यासारख्या ऊसवाल्याच्या सोप्यात येऊन उभी राहिली. मोटारसायकलीचा इतिहास लिहिणारे कारखाने आणि साल लिहितात. ते बरोबरच आहे. पण गावाकडचा इतिहास लिहायचा तर गाडी किती हातांतून फिरली आणि त्या हातांना काय काय कळत होतं, हे लिहावं लागतं.

सातारा आणि सांगली असे आज दोन जिल्हे म्हणतो, पण आमच्या आज्या-पंज्याला हा एकच मुलूख होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. नाव बदललं तरी सोयरीक, बाजार आणि कृष्णेचं पाणी एकच राहिलं. या मुलखात माणूस पायी नाहीतर बैलगाडीनं जायचा. सायकल आली तेव्हा तीसुद्धा नवलाची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात धंदा सुरू केला तो सायकलीच्या दुकानापासून. पुढं १९१० साली त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. म्हणजे आमच्याकडचा लोखंडाचा मोठा उद्योग दोन चाकांवरूनच आला म्हणायचा.

पण मोटारसायकल कळायला सायकलीपेक्षा जास्त मदत झाली ती विहिरीवरच्या इंजिनाची. वीज यायच्या आधी आमच्या विहिरींवर ऑइल इंजिनं होती. कुणाचं किर्लोस्करचं, कुणाचं सातारा रोडच्या कूपर कारखान्याचं. हे कूपर म्हणजे साताऱ्याचे धनजीशा कूपर. १९३७ साली मुंबई इलाख्यात थोडे दिवस त्यांचं मंत्रिमंडळ होतं. त्या इंजिनाला एकच सिलिंडर आणि भलंमोठं जड चाक. चालू करायचं म्हणजे एका हातानं हँडल मारायचं आणि दुसऱ्या हातानं वरचा खटका उचलून धरायचा, म्हणजे आतला दाब सुटतो आणि चाक फिरतं. वेग आला की खटका सोडायचा. ‘ठक्... ठक्...’ करत इंजिन धरलं की पाटाला पाणी यायचं. रात्री पाण्याची पाळी असली की अंथरुणात पडल्या-पडल्या आवाजावरनं कळायचं, इंजिन कुणाचं आणि त्याला काय होतंय ते.

बुलेट पहिल्यांदा जवळून बघितली तेव्हा म्हणूनच ती परकी वाटली नाही. एकच सिलिंडर, तसाच ठोका, आणि डाव्या मुठीजवळ दाब सोडायचा तसाच छोटा खटका. विहिरीवरचं इंजिन कुणी चाकांवर बसवलं असावं अशी ती दिसत होती. आमच्याकडचे बुलेटचे जुने मिस्त्री बघा, पुष्कळ जण आधी इंजिन-पंपाचे फिटर होते. कुठल्या शाळेत ते शिकले नाहीत. विहिरीच्या धक्क्यावर शिकले.

आता साल सांगतो. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीय लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डकडून बुलेट घेतल्या. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि गाडी इकडंच तयार होऊ लागली. इंग्लंडातली मूळ कंपनी १९७० साली बंद पडली, पण मद्रासची चालूच राहिली. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. त्यांची चेकोस्लोव्हाकियाच्या नकाशावरची जावा पुढं येझदी या नावानं निघू लागली. त्याच दशकात एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या गाडीवरनं राजदूत काढली.

या तिन्ही गाड्यांची आमच्याकडं जात ठरलेली होती. राजदूत दूधवाल्याची. दोन्ही बाजूंना कॅन अडकवले तरी ती कुरकुरायची नाही आणि बिघडली तर बांधावर बसून पान्यानं दुरुस्त व्हायची. ‘बॉबी’ सिनेमा १९७३ ला आला आणि त्यात ऋषी कपूरनं चालवलेल्या छोट्या राजदूतला लोक बॉबीच म्हणायला लागले, पण ती कॉलेजच्या पोरांची. येझदी हौशी माणसाची. तिला दोन सायलेन्सर, पेट्रोलात ऑइल मिसळून घालायचं, आणि गंमत अशी की किक आणि गिअर दोन्ही एकाच दांडीवर. ती दांडी उभी केली की किक आणि पुढं टाकली की गिअर. बुलेट मात्र वजनदार माणसाची. पाटील, सरपंच, फौजदार, कारखान्याचा शेतकी अधिकारी. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा आणि उसाच्या फडात चिटबॉय उठून उभा राहायचा.

नवी का घेत नव्हते? एक तर पैसा. दुसरं म्हणजे त्या काळात गाड्याच कमी निघायच्या. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकारच्या परवान्यावर होतं. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. लग्न ठरल्यावर लावलेला नंबर पोरगं शाळेत जायला लागल्यावर यायचा, असं लोक हसून सांगायचे. त्यामुळं जुन्या गाडीला मान होता. जुनी म्हणजे टाकाऊ, असं कुणी धरत नव्हतं.

मग १९८५ च्या सुमाराला जपानी कंपन्यांच्या हातभारानं शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हिरो होंडा, यामाहा, सुझुकी. हिरो होंडाची ती जाहिरात आठवत असेल, पेट्रोल भरा आणि विसरून जा अशा अर्थाची. लिटरला ऐंशीच्या आसपास ती जायची. पाठोपाठ १९९० साली इराकनं कुवेत घेतलं. कुठलं कुवेत आणि कुठं आमचं गाव! पण पेट्रोल महाग झालं आणि शहरातल्या माणसाला बुलेट जड वाटायला लागली. साताऱ्या-सांगलीचे साहेब लोक, वकील, व्यापारी हिरो होंडा घेऊ लागले आणि त्यांच्या बुलेट, येझदी विकायला निघाल्या. आमच्या पिढीला मोठी गाडी मिळाली ती अशी. आखातात लढाई पेटली आणि वाळवे तालुक्यात बुलेट स्वस्त झाली.

मी तेव्हा लुनावर दूध घालत होतो. त्या वर्षी ऊस चांगला वजनाला उतरला होता आणि बिल हातात आलं होतं. कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांची १९७१ सालची बुलेट विकायची आहे, असं पाव्हण्याकडनं कळलं. आमच्या मिस्त्रींना बरोबर यायला विनवलं. ते म्हणाले, “यीन. पर आधी त्यास्नी कार्ड टाका. म्हणावं, आमी येस्तोवर गाडी चालू करू नगा.”

याचं कारण त्यांनी एसटीत सांगितलं. गरम इंजिन दोष झाकतं. विकणारा माणूस हुशार असला तर तासभर आधी गाडी फिरवून ठेवतो आणि मग ती एका किकेत उठते. खरी परीक्षा गार इंजिनाची.

आम्ही पोचलो तेव्हा बुलेट जोत्याखाली गोणपाटाखाली होती. मिस्त्रींनी राम राम करायच्या आधी सिलिंडरला तळहात लावला. गार होता. सुभेदार हसले. म्हणाले, “कार्ड मिळालं बरं का. फौजेतला माणूस हाय मी, हुकूम मोडत न्हाई.”

मग मिस्त्रींनी जे जे बघितलं ते मी मनात लिहून घेतलं. आज पोरं विचारतात तेव्हा तेच सांगतो.

पहिल्यांदा त्यांनी गाडीचं पुस्तक मागितलं. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि हँडलच्या मानेजवळ चॅसीवर ठोकलेला नंबर चिंधीनं पुसून पुस्तकाशी ताडून बघितला. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का, कुठं कानस मारलीय का, हे बोटानं चाचपलं. नंबर जुळला नसता तर आम्ही पुढं काही न बघता चहा पिऊन परत आलो असतो.

मग दहा पावलं मागं जाऊन ते उकिडवे बसले आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते बघितलं. गाडी कधी जोरात धडकली असेल तर चिमटा वाकतो किंवा चॅसी मुरडते. रंग मारून वरून झाकता येतं, पण मागून बघितलं की तिरकं चाक दिसतंच. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागं-पुढं हलवली, मानेत ‘कट्’ असा आवाज येतो का ऐकलं. चाकाच्या तारांवर पान्यानं टकटक केलं. घट्ट तार खणखणते, ढिली बद्द वाजते. टाकीचं झाकण काढून उन्हात आत बघितलं, गंज आहे का म्हणून. चेन मागच्या चक्रावर ओढून बघितली. दात आकड्यासारखे वाकले असतील तर तो खर्च वेगळा धरायचा.

मग किक. जुन्या बुलेटची किक ही ताकदीची गोष्ट नाही. हळूहळू दाबत न्यायची, हेडलाइटजवळच्या ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, खटका दाबून दाब सोडायचा, किक केसभर पुढं न्यायची, खटका सोडायचा आणि मग एकदाच मनापासून मारायची. हे न करता मारली तर किक उलटी येते आणि पाय सुजवते. मिस्त्रींनी दुसऱ्या किकेला गाडी उठवली. आधी त्यांनी सायलेन्सरकडं बघितलं. सुरुवातीला थोडा निळसर धूर आला आणि गेला. निळा धूर थांबलाच नाही तर ऑइल जळतंय, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम निघालं. काळा धूर असेल तर कारबोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय, ते स्वस्तातलं दुखणं. मग डोळे मिटून दहा मिनिटं ऐकत बसले, आमचे आबा रात्री विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज ऐकायचे तसे. शेवटी म्हणाले, “टॅपेट वाजतंय थोडं. पर पोटात कायबी न्हाई.”

सुभेदारांनी अकरा हजार सांगितले होते. साडेनऊला ठरलं. त्यातले हजार रुपये नाव माझ्यावर लागल्यावर द्यायचे, ही अट मिस्त्रींनी घातली आणि सुभेदारांनीही ती वाजवी मानली. घरी आल्यावर आई म्हणाली, “एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या की रं.” तिचं गणित बरोबर होतं. पण चार महिन्यांनी आबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं तेव्हा शेवटची एसटी गेलेली होती आणि गावातली एकुलती जीप ऊसतोड टोळ्यांच्या कामावर होती. मध्ये आबा, मागं धाकटा भाऊ त्यांना धरून, असे आम्ही मिरजेला दवाखान्यात पोचलो. लुनावर ते झालं नसतं. त्यानंतर आई रोज सकाळी गाडीवर पाण्याचा हात फिरवायची.

लुनावरनं बुलेटवर आलेल्या माणसाला शरीर नव्यानं शिकवावं लागायचं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. वजन दीडशे किलोच्या वर. मिस्त्रींनी मला पंधरा दिवस हमरस्त्यावर जाऊच दिलं नाही. पाणंदीतनं, बांधाकडनं, मोकळ्या फडातनं फिरवलं. “पडली तर उचलता आली पायजे,” म्हणून मुद्दाम आडवी पाडून उचलायला लावली. हँडल पूर्ण वळवून, पाठ गाडीला लावून, पायाच्या जोरावर कशी उचलायची ते दाखवलं. मोठी गाडी पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकानं आधी एवढं करावं असं मला वाटतं. वेग नंतर आपोआप येतो.

याच काळात डिझेलची बुलेटही आमच्याकडं दिसायला लागली. इंजिन सव्वातीनशे सीसीचं, साडेसहा हॉर्सपॉवरचं. पळायला मंद, हादरे एवढे की नट-बोल्ट आठवड्याला आवळावे लागायचे. पण एका लिटरात सत्तर किलोमीटरच्या वर जायची आणि इंजिनासाठी आणलेल्या पिंपातलंच डिझेल तिला चालायचं. विहिरीवरचं इंजिन चाकांवर, ही उपमा तिच्या बाबतीत जवळजवळ खरी होती. पुढं धुराचे नियम कडक झाले आणि २००० च्या आसपास ती निघायची बंद झाली.

गाडी हातोहात फिरायची, पण कागद मात्र तिच्या मागं फिरायचा नाही. आमच्या भागात सौदा व्हायचा तो चहाच्या टपरीवर, नाहीतर शंभर रुपयांच्या स्टॅम्पावर. गाडी तिसऱ्याच्या दारात आणि आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचं. आमच्या शेजारच्या गावातल्या एका शिक्षकांनी गाडी विकून चार वर्षं झाली होती. तिसऱ्या मालकाच्या पोरानं कुणाला तरी उडवलं. विमा संपलेला. भरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती शिक्षकांच्या नावानं. माणूस भला होता. गाडी कुणाकडं आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं अर्धं घर कोर्टाच्या खेपांत गेलं.

कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच एक गाडी आली होती, एकापाठोपाठ एक कितीतरी हातांत विकली गेलेली. न्यायालयानं सांगितलं, दप्तरी ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. मधल्या हातांकडं बोट दाखवून सुटका नाही. गाडी घेताना नंबर जसा चिंधीनं पुसून बघतो, तसं विकतानाही नाव निघालं का ते बघावं.

येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. मग पार्ट मिळेनात. एक गाडी मोडून दुसरी जगवायची वेळ आली. राजदूत गेली. बुलेट तेवढी टिकली, पण तीही बदलली. २००९ साली क्लासिक आली तेव्हा इंजिन नव्या बांधणीचं होतं, गिअर डाव्या पायात गेला होता आणि जुनं बिडाचं इंजिन लवकरच निघायचं थांबलं. आणि मग उलटी गंगा वाहायला लागली. पुण्या-मुंबईची पोरं आमच्या गावांत येऊन विचारायला लागली, “काका, जुनी बुलेट हाय का कुणाकडं, उजव्या गिअरची?” २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं, त्यानंतर जुन्या येझदीही शोधायला लागली. जी गाडी शहरानं पेट्रोल खाते म्हणून आमच्या दारात सोडली, ती आता तिच्या पहिल्या किमतीच्या कितीतरी पट देऊन शहर परत न्यायला आलंय.

मला त्याचा राग नाही. हात बदलणं हाच या गाडीचा धर्म आहे. पण ती न्यायला येणाऱ्या पोरांना दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एक, १५ वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. ते झालेलं नसेल तर चकाकणारा रंग बघून पैसे मोजू नका. दुसरी, आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाच्या मळीचं आणि रसाचं. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात, आपल्या बिलाला आधार होतो. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कारबोरेटरची वॉशरं त्याच्यासाठी केलेली नाहीत. ती फुगतात, गळतात. तेवढी नव्या जातीची बदलून घ्या आणि महिनोन् महिने टाकी भरून गाडी उभी करू नका.

आमचे मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या पोराचं दुकान आहे, त्याला कॉम्प्युटर लावून नव्या गाड्यांचे दोष काढता येतात. पण जुनी बुलेट आली की तोही मशीन बाजूला ठेवतो, आधी सिलिंडरला तळहात लावतो आणि मग गिऱ्हाइकाला विचारतो, “पुस्तक आणलंय का? नाव कुणाचं हाय?”